बिब्याची रेघ

देशातली पहिली निवडणूक आली तेव्हा मी चांदा जिल्ह्याच्या जंगलातल्या एका गावात मास्तर होतो. शाळा एका खोलीची, मास्तरही एकच. तहसिलीतून हुकूम आला की लोकांना मतदानाचा सराव द्या. पण सरावात खऱ्या पक्षांची नावं नकोत, खरी चिन्हं नकोत. मग देश तरी खरा कशाला, असं माझ्या डोक्यात आलं. समुद्रात एक बेट आहे, तिथे तीन उमेदवार उभे आहेत, एकाचं चिन्ह मासा, दुसऱ्याचं होडी, तिसऱ्याचं नारळ, असं मी फळ्यावर काढून दाखवलं. नसती उठाठेव, दुसरं काय!

त्या बेटाने माझा जीव खाल्ला. "गुरुजी, तिथी धान होते का?" "मोहाची झाडं आहेत का तिथी?" "तो मासेवाला कोनाचा जावई?" अहो बाबांनो, असं बेट नाहीच, मी आपलं मनाने काढलंय, असं सांगितलं तर गावचे पाटील म्हणाले, "मंग नसलेल्या गावासाठी आमी उन्हात काऊन उभे राह्यलो?" शेवटी सगळे चिंचेखाली बसले आणि अख्ख्या गावाची मतं होडीला द्यायची असं ठरवून आले, कारण नदीला होडी कामाची. गुप्त मतदान म्हणजे काय, हे सांगता सांगता माझा घसा बसला.

एकच बाई नीट ऐकत होती. शाळा सारवायला यायची ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बिबे फोडून आतली गोडंबी काढायची आणि बाजारात विकायची, असं तिचं चाललेलं. मतदारांची नावं लिहायला आलेल्या कारकुनाने गावातल्या बायकांना 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहून नेलं होतं, आणि पुढे ही खरी नावं नव्हेत म्हणून ती सगळी खोडली गेली. बाकीच्यांनी सोडून दिलं. ही मात्र जंगलातून चालत दोनदा तहसिलीत गेली आणि स्वतःचं नाव सांगून, लिहवून घेऊन आली. यादीत गावातली बाई ती एकटीच. "माया नावाचा कागद मीच टाकीन पेटीत," असं ती ज्याला त्याला सांगायची.

सरावात बोटाला शाईही लावायची होती. शाळेची शाई दोनदा हात धुतले की जाते. धोबी कपड्यावर खूण करायला बिबा वापरतो, ती काही केल्या जात नाही. मला वाटलं, वा, काय सुचलं! बाईकडूनच ओंजळभर बिबे आणवले आणि बिबा सुईने टोचून त्याच्या तेलाने एकेकाच्या डाव्या हाताच्या बोटावर काळी रेघ ओढली. बिबा उततो, कातडी जाळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! गुरुजी करून राह्यले म्हणजे बरोबरच असंल. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्या दारात बोटं धरून उभे. चार दिवस मी उतारा म्हणून फोडांवर तीळ वाटून लावत बसलो.

आठवड्याने खरं मतदान आलं. परगावचे एक साहेब शाळेत टेबल मांडून बसले. पहिल्या माणसाचं बोट पाहिलं, काळं. दुसऱ्याचं काळं. तिसऱ्याचंही. साहेब उखडले. "मास्तर, हे सगळे मतं देऊन आलेत की काय?" मी घाईघाईने सगळी हकीकत सांगितली. बिब्याने फोड येतो, मतदानाच्या शाईने येत नाही, फोड बघा म्हणजे झालं, असं वर समजावलं. साहेबांना ते पटलं. ज्याच्या बोटाला फोड त्याला ते कागद देऊ लागले, आणि मी कपाळाचा घाम पुसला.

बाईची पाळी आली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. बोटावर काळी स्वच्छ रेघ, फोडाचा पत्ता नाही.

"साहेब, मले बिबा उतत नाई. जलमभर फोडून राह्यली."

"खूण असली की कागद नाही, बाई. नियम आहे."

मी मध्ये पडलो. आवाज चढवला, लिहून देतो म्हणालो, हात जोडले. साहेब शांतपणे म्हणाले, "बिब्याने फोड येतोच, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत ना?" स्वतःच्या तोंडाने मी तिचा रस्ता बंद केला होता. इतका संताप मला कधीच आला नाही, आणि तो काढायला समोर मीच.

"यादीत मायं नाव आहे ना?" तिने साहेबांना विचारलं.

"आहे."

ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, पेटीत कागद टाकाले मले येत होतं. तुमाले कोनं सांगतलं होतं शिकवाले?"

तहसिलीने सराव सांगितला होता, बिबा नव्हे. ती पदर खोचून घरी गेली, आणि गावातल्या पुरुषांनी फोड आलेली बोटं दाखवत एकामागून एक मतं दिली.