सोमवारची कणीक

फोन आला तेव्हा मी इंदापुरात एका बंगल्याच्या स्लॅबवर उभी होते. खाली मिक्सर घरघरत होता, त्यामुळं मामेभाऊ महेश काय म्हणतोय ते पहिल्यांदा कळलंच नाही. "ताई, आबा गेलं," तो पुन्हा म्हणाला, आणि मी खाली बघून ओरडले, "बंद करा ते!" मिक्सरवाला बिचारा बंद करून माझ्याकडं बघत राहिला. असं मध्येच काँक्रीट थांबवायचं नसतं हे त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. थोड्या वेळानं मीच त्याला चालू करायला सांगितलं, शिडी उतरले आणि गाडीत बसून रडले.

आबामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. अंथुर्ण्याच्या अलीकडं एका वाडीत त्यांचं घर. ऊस, चार जनावरं आणि पखवाज एवढाच त्यांचा संसार. मामी म्हणायची, ह्यात माझा नंबर चौथा. वाडीत महादेवाचं देऊळ आहे आणि तिथं दर सोमवारी भजन असायचं. सुट्टीत आम्ही पोरं देवळाच्या जुन्या सभामंडपात मामांच्या मागं बसायचो. सागवानी खांब, वर मातीचं माळवद, खाली सारवलेली जमीन. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं त्याचा आवाज भरदार होतो. मामी सोमवारी संध्याकाळी कणीक मळताना एक मूठ वाटीत काढून ठेवायची आणि ती वाटी मामांच्या मागून देवळात न्यायचा मान माझा होता. पुढं मी आर्किटेक्ट झाले, बारामतीत ऑफिस टाकलं, तेव्हा मामांनी वाडीत पेढे वाटले. पेढे खाल्लेल्या निम्म्या लोकांना आर्किटेक्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण मामांचा थाट बघून ते काहीतरी मोठं असणार एवढं कळलं.

गेल्या वीस वर्षांत ह्या भागात मी किती घरं काढली ह्याची मोजदाद नाही. काटेवाडी, पिंपळी, इंदापूर... पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर बंगले आले. लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "म्याडम, आसंच पायजे." त्या फोटोत सगळं असतं, फक्त ओटा नसतो. जाणाऱ्या-येणाऱ्यानं टेकावं अशी जागा आता कुणी मागत नाही, सगळे कंपाउंड मागतात. मीही मुकाट्यानं काढून देते. लोक बदलले म्हणून घरं बदलली, असं मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आले. बदललेल्या घरांनी लोकांचं काय केलं, हे बघायला मी कधी मागं वळून गेले नाही.

देवळाचंही तसंच झालं. वाडीत चार पैसे आले तसं लोकांना माळवद लाजिरवाणं वाटू लागलं. नवा सभामंडप बांधायचं ठरलं आणि मामांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आमची भाची काढंल नकाशा." मी मापं घ्यायला गेले तेव्हा मामा जुन्या मंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. "ऐकलंस?" म्हणाले. माझं लक्ष टेपच्या आकड्यांवर. मी म्हटलं, "मामा, जरा सरका बरं, माप चुकतंय." मामा सरकले.

मी काढला तो मंडप देखणा होता, आजही आहे. मधोमध मोठा घुमट, खाली संगमरवर, भिंतींना कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स, त्यावर देणगीदारांची नावं. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आधीच, मामा घुमटाखाली गेले, वर बघत त्यांनी एक टाळी वाजवली आणि तसेच मान वर करून उभे राहिले. लोकांना वाटलं, ते माझं कौतुक करतायत. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि मी वाकून नमस्कारसुद्धा केला! आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

पहिल्या भजनानंतर मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, हितं बोल मोकळा सुटंना गं. मागचा बोल फिरून पुढच्याच्या अंगावर पडतुय." मी म्हटलं, "मामा, माइक लावा की." ते हसून म्हणाले, "व्हय व्हय. लावू माइक." माइक लागला आणि घुमणाऱ्या आवाजाचा गोंधळ दुप्पट झाला, हे मला कुणी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात कळलं, मामांचे हात दुखतात म्हणून त्यांनी पखवाज सोडला. हळूहळू भजनही बंद पडलं आणि सोमवारी देवळात पेनड्राइव्हवरची गाणी वाजू लागली. मी बारामतीहून चांगल्यातलं चांगलं मलम नेऊन दिलं. दर खेपेला विचारायचे, "हात कसा आहे?" मामा बोटं उघडझाप करून दाखवायचे, "हाय की, बरा हाय."

त्या बाजूला माझं काम बहुधा सोमवारी असायचं. परतताना मामांकडं चहा व्हायचा. मामी चुलीपाशी कणीक मळत असायची आणि वाटीत एक मूठ काढलेली असायची. पखवाज बंद झाला, म्हणजे आता ती गाईची असणार, असं मी आपलं मनाशी धरून टाकलं. चहा संपतो न संपतो तोच मामा घाई करायचे, "निघ पोरी, अंधार व्हायच्या आत बारामती गाठ." किती काळजी करतात, असं वाटून मला भरून यायचं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी हात धुवायला मागं गेले आणि गोठ्याच्या खांबावर माझी नजर खिळली. त्या खांबावर समईच्या काजळीचा डाग होता. लहानपणी मी ह्याच खांबाला टेकून बसायचे. देवळाचं जुनं लाकूड मामांनी "गोठ्याला हुईल" म्हणून मागून घेतलं होतं, एवढं मला माहीत होतं, पण गोठ्याकडं मी कधी फिरकले नव्हते. ते चारही खांब जुन्या मंडपातल्याच अंतरावर उभे होते. वर मातीचं माळवद, खाली सारवलेली जमीन, आणि एका खांबाला टेकवलेला, खोळ घातलेला पखवाज.

भजनात वीणा धरणारे तात्या मागं येऊन उभे राहिले होते. मी म्हटलं, "तात्या, मामांचे हात तर दुखत होते ना?"

"हाताला काय झालं हुतं त्येंच्या?" तात्या म्हणाले. "दर सोमवारी बसायचो आमी हितं. चौघं-पाच जण. देवळात वाजवलं न्हाय तर लोक इचारणार, का न्हाय वाजवत? मग पोरीनं देऊळ बिघडावलं आसं झालं आसतं. आबा म्हणालं, माजं हात दुखत्यात म्हणून सांगा."

 ज्या माणसानं उभ्या आयुष्यात देवळातली आपली जागा सोडली नाही, त्यानं ती माझ्यासाठी सोडली, वर माझं मलम चोळून घेतलं. आणि मी त्यांना साधं एकदा, "मामा, वाजवून दाखवा बघू," असं म्हटलं नाही.

हे लिहिणार म्हटल्यावर मामी म्हणाली, "कशाला गं? त्येंनी झाकलं ते ऱ्हाऊ दे झाकल्यालं." तिचं खरं असेल. पण वाडीत अजून लोक म्हणतात, आबांच्या हातानं दगा दिला म्हणून भजन बंद पडलं. हात चांगले होते. चूक मंडपात होती आणि मंडप मी काढला होता.

मागच्या सोमवारी मी गेले होते. मामीनं कणीक मळली, सवयीनं एक मूठ वाटीत काढली, आणि मग आमची दोघींची नजर त्या वाटीवर गेली.  मी वाटी उचलली आणि लहानपणासारखी दोन्ही हातांत धरून गोठ्यात नेली. वाटी खाली ठेवून चार खांबांच्या मधोमध उभी राहिले आणि एक टाळी वाजवली. एकच टाळी ऐकू आली. गाईनं मान वळवून बघितलं. पखवाज खोळीत तसाच होता, आणि मला तो वाजवता येत नाही.

मग मी ती कणीक गाईला घातली. इतकी वर्षं मी जे धरून चालले होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं.