फुलबागेतली मड्डम

आमच्या अकोल्यात लाथ मारून कोनी लोकाइचं भलं केलं असंन, तं ते जठारपेठेकडच्या दवाखान्यातल्या गोऱ्या मड्डमनंच, दुसऱ्या कोनाचं मी नाही सांगत. काही गोल दिसलं का तिच्यानं राहवतच नसे. माह्या सासऱ्याच्या टोपल्यातून एक डाव पानकोबी घरंगळली, तं पांढरा झगा वर धरून तिनं अशी हानली का कोबी कुंपनावरून पार सडकंवर, अन् मंग सोताच धावत जाऊन उचलून आनली अन् म्हने, "माफ करा आजोबा, पाय ऐकला नाही." सगळ्याइले तुमी म्हने, बकरीले पन. "तुम्ही बाहेर जा," असं बकरीले सांगे, अन् बकरी काही जाये नाही.

मी तं भेकाड बाई, दुसरीपोत्तर शिकलेली, दवाखान्याचं मले लय भेव. पन माही गोदी दोन वर्साची होऊन गेली तरी उभी राहत नोती, अन् सासू म्हने, "पांगळी निपजली तुही पोरगी, आता जलमभर कडेवर घे," म्हनून मी चोरून येवो. मड्डमनं गोदीचे पाय दाबून पाह्यले, चिंध्याइचा चेंडू देल्ला अन् म्हने, "रोज लाथ मारू द्या. पायाला काम पाहिजे."

औषध देता देता ती आपल्या विलायतेतल्या क्लबाची कहानी सांगे. लढाईत मानसं गेले, बाया कारखान्यात तोफेचे गोळे कराले लागल्या, जेवनाच्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या, मंग त्याइचा क्लबच झाला, जखमी शिपायाइसाठी सामने, पाह्याले ही गर्दी. "मी फुलबॅक होता, सगळ्यांच्या मागे उभा," असं छातीले हात लावून सांगे. आमाले ऐकू ये फुलबाग. आमी माळ्याच्या बाया, आमाले वाटे हिची तिकडं फुलबाग होती, कारखान्यातून सुटली का शेवंती तोडाले जात असंन. माह्या नंदेनं तं विचारलंच, "मड्डम, पानी मोटंचं का पाटाचं?" ती म्हने, "पाणी फार. चिखलात पडला की मजा." आमाले पटलं.

सांजच्याले दवाखान्यामागं मड्डम तिथल्या नर्स पोरीइले चेंडू शिकवे, गोदीले मधात बसवे. गावातले पगडीवाले मोठ्या साहेबाकडं गेले, म्हने बायाइच्या आंगाले हे सोसत नाही, बंद करा. अन् बंद झालं. मले वाटलं मड्डम भांडंन. ती पट्ट्या गुंडाळत बसली. "तिकडे पण हेच बोलला," म्हने. "लढाई संपला, साहेब लोक म्हणाला, बायकांना हा खेळ बरा नाही, मैदान देऊ नका. आम्ही बटाट्याच्या वावरात खेळला. मग एकीचं लग्न, एकीला काम लांब. एक दिवस मी गेला, तर गोलवाली एकटी उभी."

"मंग?"

"मग दोघी खेळला. अंधार होईपर्यंत."

थोड्याच दिवसात तिची बदली झाली, दूर कुठंतरी समुद्राकडं. जाताना गोदीच्या तळपायाले गुदगुल्या केल्या अन् मले म्हने, "सोडू नका." मी हो म्हनली, पन पोरगी कधी उभी राहीन याचा मलेच भरोसा नोता.

अन् भुईमूग निघाले त्या दिवसात, एका सकाळी, गोदी ओट्याले धरून उभी राह्यली, चेंडूले लाथ मारली अन् त्याच्या मागं मागं चालत गेली. मले इतकं भेव लागलं का काही सुचेच ना, तिले उचललं अन् डोक्यावरचा पदर सावरत दवाखान्यात पयाली. "चालली हो, माही पोरगी चालली," मी रडत रडत सांगतलं. कंपौंडर बिचारा समजला पोरगी मरून राहिली, हातातली शिशी टाकून धावला, तिचे डोये उघडून पाहू लागला. मी तिले खाली सोडलं. ती दारापर्यंत डुलत डुलत गेली.

कंपौंडर घाम पुसत म्हने, "धडधाकट आहे की बाई, मंग इथं काहून आनली?"

"दाखवाले," मी म्हनली.

"कोनाले?"

मड्डमच्या खुर्चीवर औषधाचे खोके रचून ठेवले होते. मी पोरीले कडेवर घेतलं, तं ती उतराले पाय झाडू लागली.