कासवाला नमस्कार

आमच्या गाडीला खोकला झाला हे घरात सगळ्यात आधी मला कळलं, आणि तो कशानं झाला हे सगळ्यात शेवटी कळलं, तेही मलाच.

गाडी जुनी, पेट्रोलवरची. मुंबईच्या मुलानं नवी घेतली तेव्हा ही आमच्या नाते गावात माझ्याकडे आली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण बैल मी चाळीस वर्षं हाकले. ज्यानं बैल हाकले त्याला गाडी शिकवावी लागत नाही, असं माझं मत. (शिकवायला आलेल्या भाच्याचं मत वेगळं होतं. तो परत आला नाही.)

दसरा झाला आणि गाडी बिघडली. चढ लागला की फुटफुट करायची, आचके द्यायची, दम सोडायची. स्टेअरिंगच्या पुढं एक पिवळा दिवा लागला तो विझेना. चष्मा लावून बघितलं तर आकार कासवाचा! देवळात गाभाऱ्यापुढं असतं तसं. मी हात जोडले.

"अहो, दिवा कसला लागलाय त्यो?" मंडळीनं विचारलं.

"कासव हाय. शुभ असतं."

"आधी नव्हतं."

"आता आलंय. येऊ दे की."

त्या दिवसापासून आधी कासवाला नमस्कार, मग किल्ली. कासव प्रसन्न होतं, गाडी मात्र जास्तच खोकायला लागली. शेजारी म्हणाला, मेकॅनिकला दाखवा. मी म्हटलं, "बैलाचा कुठला पाय दुखतो हे मी नुसत्या चालीवरनं सांगतो. ही गाडी तीन पायांवर चालतेय. एक पाय उचलून धरलाय तिनं." हे सांगून झालं, पण गाडीचा पाय कुठं असतो हे मला ठाऊक नव्हतं. मग मी नुसताच बोनेटला कान लावून बसायचो. लोकांना वाटायचं, काहीतरी कळतंय.

असं करता करता भाऊबीज आली. माझी थोरली बहीण अक्का पोलादपूरच्या वर कुडपणला राहते. वय ऐंशीच्या पुढं. मला ओवाळल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. मी पोचलो नाही तर ती उपाशी बसणार, आणि दुसऱ्या दिवशीही बसणार. हट्ट आमच्या घराण्यातच हाय.

"एसटीनं जाऊ या," मंडळी म्हणाली.

"दारात गाडी असताना? अक्का काय म्हणंल?"

"भाऊ आला म्हणंल."

मी ऐकलं नाही. महाडपर्यंत गाडीनं कशीबशी इज्जत ठेवली आणि भर बाजारात मान टाकली. चार जणांनी ढकलत इक्बालच्या गॅरेजात नेली. इक्बाल दासगावचा, पंधरा वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून आलेला. त्यानं हातात पाना घेतलाच नाही. स्टेअरिंगच्या खाली एक वायर खोचली, पाटीएवढी डबी हातात धरली आणि वाचायला लागला.

"आबा, तीन नंबरचा सिलिंडर पेटत नाय."

"अरे, गाडी पेट्रोलवर हाय. गॅसवर नाय."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "इंजिनात पण सिलिंडर असतात, चार. चार पाय समजा. तिसरा लंगडतोय."

मी मंडळीकडं बघितलं. तीन पाय म्हटलं होतं की नाही? पण तिसरा कुठला, हे त्या डबीनं इंजिन न उघडता सांगितलं होतं. देवाला कौल लावला तर देवसुद्धा नुसतं उजवं-डावं सांगतो. ही डबी नंबर सांगत होती.

"आणि हवा मोजणारा सेन्सर बोलत नाय," इक्बाल म्हणाला. "वायर तुटली असंल. म्हणून तर हा इंजिनाचा दिवा लागलाय."

"त्यो कासव हाय ना?"

"इंजिन हाय, आबा. बिघडलं की लागतो."

तीन आठवडे मी बिघाडाला नमस्कार करत होतो.

इक्बालनं बोनेट उघडलं. तिसऱ्या सिलिंडरवरचा प्लग काढायला खोल भोकात बघितलं आणि थांबला. चिमट्यानं एकेक वस्तू बाहेर काढून फडक्यावर मांडली. लाल चिखल. हळद. फुगलेले तांदळाचे दाणे. पलीकडं सेन्सरच्या वायरजवळ उदबत्तीची काडी, आणि वायर जळालेली.

"आबा," तो हळूच म्हणाला, "दसऱ्याची पूजा आतनं केलीत काय?"

आता काय सांगू? बैलाला पाणी घालून, घासून, मगच कुंकू लावायचं ही आमची रीत. मी इंजिनाला पाइपनं आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि दिसंल त्या फटीत उदबत्ती खोवली. बाहेरनं पत्र्याची पूजा सगळेच करतात. काम करतं ते इंजिन, म्हणून मान त्याचा, असा माझा विचार.

"विचार चांगला हाय," इक्बाल म्हणाला. "पण पाणी पडलं की प्लग पेटत नाय."

त्यानं हवेनं भोक फुंकून काढलं, प्लग बदलला, वायर जोडली, डबीवर बोट दाबलं. पिवळा दिवा विझला. इंजिन चार पायांवर उभं राहिलं, इतकं गुपचूप की मी दोनदा किल्ली फिरवायला गेलो.

पोलादपूर सोडून कुडपणचा घाट लागला. एकामागनं एक वळणं, आणि गाडीला धाप नाही. त्या पत्र्याखाली कोण कोण काय काय मोजत बसलंय, हवा किती, आग कुठं, कोण लंगडतोय, आणि मी त्यांच्या डोक्यावर तांदूळ ओतले होते. एवढ्या वयात मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कळत नाही ते लई हाय.

दुपार कलली होती. अक्का ओटीवर ताट घेऊन बसलेली, ओठ सुकलेले.

"उशीर केलास, बाबू. हिचा फोन आला व्हता, गाडी बिघडली म्हणं?"

"व्हती. आता पळते बघ कशी."

"कोणी नीट केली?"

मी छाती काढून तोंड उघडलं, तेवढ्यात मंडळी खोकली.

"इक्बालनं केली गो," मी म्हटलं. "पण बिघडवली मी एकट्यानं. कोणाचा हात म्हणून लागू दिला नाय."