विहीणबाईंचा पाव

जगात काही फुकट खाऊन पचवता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांची माझ्या अक्काच्या विहीणबाईंशी गाठ पडलेली नाही, एवढंच मी म्हणेन. बाई पेरू देशातल्या, अँडीज डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातल्या. त्यांच्या मुलाने बेंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली, माझ्या भाचीशी लग्न केलं, आणि सुनेचं बाळंतपण करायला म्हणून या एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी येऊन दाखल झाल्या. दोन लांब वेण्या, डोक्यावर पुरुषी हॅट आणि पाठीवर रंगीत पट्ट्यांची लोकरी झोळी. त्या झोळीत भाजीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत काय वाटेल ते मावायचं. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी त्यांनी अक्कालाही त्यातून वर नेलं असतं, पण अक्का लाजली. अक्का लेकीकडेच राहते, तेव्हा मराठी त्या तिच्याकडूनच शिकल्या. आणि अक्का दिवसभर हुकूमच सोडत असल्यामुळे यांचं मराठीही सगळं तसलंच. "बस. खा. गप्प." जोडीला भाजीवाल्याकडून उचललेलं कानडी 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'जरा' आणि 'बरं'.

त्यांचा देव नक्की कोणता, हे आम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही. रविवारी चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून डोळे पुसायच्या, आणि घरी आल्या की कॉफीचा पहिला घोट धरणीमातेला! आता चौथ्या मजल्यावर धरणी कुठली? मग अक्काच्या तुळशीत. अक्काने थयथयाट केला, पण महिन्याभरात तुळस फिल्टर कॉफीवर अशी फोफावली की ती गप्पच झाली. "आपण ताटाभोवती चित्राहुती घालतोच की, त्यातलंच हे," अशी तिने स्वतःची समजूत घातली. मेरीमातेची दोन वितींची मूर्ती बाईंनी बरोबर आणली होती. तिचा झगा असा घेरदार की लांबून डोंगरच वाटावा, कारण त्यांच्याकडे मेरीमाता म्हणजेच डोंगर. अक्काने तिला गौरीचा कोल्हापुरी साज चढवला, तेव्हा आम्हाला वाटलं आता भडकणार. तर म्हणाल्या, "अजून घाल."

जुलैत त्यांच्या गावी या मातेची जत्रा असते. जत्रेचा मान घराघरांतून फिरतो, आणि अठरा वर्षं वाट पाहिल्यावर यंदा तो विहीणबाईंकडे आला होता. नेमकी तेव्हाच सुनेची तारीख! बाईंनी गावाला कळवून टाकलं, मान सोडत नाही, जत्रा इथे करते. मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या मागे लागून बडीशेप घातलेले परातीएवढे पाव भाजून घेतले आणि झोळी भरून निघाल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपपर्यंत पोचल्या. मी प्रसाद समजून दोन तुकडे कॉफीत बुडवून हाणले, तिसऱ्याला हात घातला, तोच मनगट धरलं. "खाल्लास? सरी. पालखी तू कर." त्यांच्याकडे म्हणे रीतच आहे, जत्रेचा पाव खाल्ला की जत्रेतलं एक काम अंगावर. खालच्या मजल्यावरचे निवृत्त शास्त्रज्ञ असेच फुलांना अडकले, त्यांच्या सौभाग्यवती तीस माणसांच्या बिसीबेळे भाताला. पुण्याहून नवीन आलेलं शेजारचं जोडपं तेवढं डाएटमुळे वाचलं. मी मात्र पक्का कामचुकार. आज ऑर्डर आहे, वेल्डरला बरं नाही, उद्या नक्की, असं करत मी पंधरा दिवस काढले.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच भाचीला दवाखान्यात हलवलं. बाळ आडवं होतं, डॉक्टर काही नीट सांगेनात. विहीणबाईंचा मला फोन आला. "राहू दे. जत्रा नाही. सून आहे." बस, एवढंच. अठरा वर्षांची वाट त्या बाईने तीन वाक्यांत सोडून दिली, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं सोडून स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू! पाव तर पोटात गेला होता ना? हातातली ऑर्डर बाजूला सारली, चौकोनी पाइप कापले, वेल्डरला हाताशी घेतलं आणि संध्याकाळच्या आत पालखी उभी केली. शास्त्रज्ञांना फोन केला, तर तेच माझ्यावर डाफरले, "अहो, मी झेंडू सांगून बसलोय. रद्द कोण करतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मिरवणूक दवाखान्याकडे निघाली. यजमानीणबाई दवाखान्यात, पाद्री नाही, त्यांची प्रार्थना एकाला येत असेल तर शपथ. पालखीला मी, वेल्डर, शास्त्रज्ञ आणि बेकरीवाला, मागे अक्का आपली देवीची आरती म्हणतेय, आणि बेकरीवाला रिक्षांवर ओरडतोय, "स्वल्प जागा बिडी!" जरा जागा सोडा म्हणत होता, आणि जागा मिळाली हो. दवाखान्याच्या फाटकाशी थांबलो, तेव्हा वरच्या खिडकीत विहीणबाई दिसल्या, हातात पांढऱ्या दुपट्यातली नात. पहाटेच मोकळी झाली होती भाची, दोघी सुखरूप. नातीला आत ठेवून बाई खाली आल्या. शास्त्रज्ञांना बाजूला करून त्यांनी स्वतःचा खांदा दांड्याखाली दिला आणि फाटकासमोर पालखीची एक फेरी पुरी केली. रडत होत्या. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच रडत होतो.

आता त्या परत गेल्या आहेत, आणि गुडघ्यांमुळे पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. मला बाईंची फार आठवण येते. परवा फोनवर बोललो. गावात सांगतात म्हणे, माझा मान मी केला, बेंगळुरात केला, आणि कोणी म्हणून विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, "अहो, फोटो दाखवा ना!"

"नको," म्हणाल्या. "तू ये. सांग."

आता या वयात मी कुठला पेरूला जातोय! पण दुपारी कधी वीज जाते, मशीन थांबतात, आणि वाटतं, जाऊन सांगून यावं एकदा.