दिनकरचं गोड बोलणं

दिनकर जाण्याच्या काही दिवस आधी मी त्याला गारखेड्यातल्या दवाखान्यात भेटलो. त्याने वहिनींना औषधाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाला, "मी गेल्यावर वसंताला सांग, त्याच्या लेकीचं स्थळ मी मोडलं. त्याला कळल्याशिवाय पुरं होत नाय." मला वाटलं, तापात बोलतोय... पण ताप नव्हता.

तो कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, मी तिथेच ग्रंथपाल होतो. सूड घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली एक जुनी कथा तो दरवर्षी फार रंगवून शिकवायचा. घराण्याचा ताठा, दांडगा संयम, ओठांवर हसू, पश्चात्ताप नाही, आणि सूड कोणी घेतला हे समोरच्याला कळलंच पाहिजे हा हट्ट... त्या निवेदकाचा स्वभाव असा फळ्यावर उतरायचा. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर आमच्या भावकीतलाच निघाला की!" वर्ग हसला. दिनकरही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

वसंत त्याचा धाकटा भाऊ, पाचोडला शेती बघणारा. वसंताच्या मुलाच्या लग्नात माईकवर नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधले गेले आणि गडबडीत थोरल्या भावाचंच नाव राहिलं. वसंताने मांडवातच त्याचे पाय धरले. "अरे, घरच्या माणसाला कसला मान?" दिनकर म्हणाला. पुढे दिनकरच्या घरच्या प्रत्येक कार्यात पहिला फेटा वसंताला असायचा. भाऊ असावा तर असा, असं मलाही वाटायचं.

नंतर वसंताच्या लेकीला स्थळ आलं आणि मुलाकडचे चौकशीला चुलत्याकडे, म्हणजे दिनकरकडे आले. "काय सांगितलंस त्यांना?" मी दवाखान्यात विचारलं. "चांगलंच सांगितलं. पोरगी गुणी आहे, आता तब्येतही बरी असते, म्हटलं." त्या मुलीला कधी काही आजार नव्हता. ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. तिचं लग्न फार उशिरा जमलं.

दहाव्यानंतर मी दिनकरच्या घरी गेलो तो काही न सांगण्याचं ठरवूनच. वसंत एकटाच बसला होता. "सर, दादा शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का?" मी चष्मा काढून पुसू लागलो. "लेकीच्या स्थळाचं ना? मला म्हाईत हाय. मध्यस्थानं तवाच सांगितलं व्हतं."

"मग इतकी वर्षं येत कसा राहिलास?"

"मला कळलंय हे त्याला कळलं असतं, तर बोलावणं बंद झालं असतं. एकच भाऊ मला..." मग वर न बघता तो म्हणाला, "अन् खरं सांगू? मला कवा कळतंय, याची तो वाट बघत व्हता. म्या बी बघू दिली. तुमी लिवता नव्हं? लिवा हे बी. लेकीला सगळं ठाव हाय."

वहिनींनी चहा आणला. समोरच्याने कप उचलल्याशिवाय दिनकर स्वतःचा उचलत नसे, "घ्या, निवतोय" म्हणत राही. वसंताने त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही कप उचलला नाही. चहावर साय धरली.