फरशी खचली नव्हती

दार अर्ध्यावर येऊन थांबले. शफीकभाईंनी खांदा लावला, तेव्हा ते फरशीवर घासत वीतभर सरकले आणि पुन्हा अडकले.

"बघा साहेब," ते म्हणाले, "लावलं तेव्हा एका बोटानं ढकललं तरी फिरत होतं. बिल्डिंग खचतीय."

शफीकभाई जुन्नरचे बांधकाम ठेकेदार होते; ही नवी घरे त्यांनीच बांधली होती. मी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो आणि ती तपासायला आलो होतो. त्याआधी काही वर्षे पॉलिटेक्निकमध्ये शिकवल्यामुळे प्रत्येक गोष्ट फळ्यावर मांडल्यासारखी सांगण्याची सवय मला लागली आहे. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

जागा होती पिंपळवंडी आणि बोरी बुद्रुक यांच्या दरम्यान, मोठ्या रस्त्यापासून थोडी आत. तिथे एकेकाळी पोलादाचा लहानसा कारखाना होता. भंगार विजेच्या भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या सळया काढायच्या, असे त्याचे काम. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत उभी राहिली. शाळा, दवाखाना, कँटीन, सिनेमाचा पडदा लावण्याचे मैदान, सगळे कंपनीचे. नव्वदच्या दशकात विजेचे दर वाढले, ऑर्डरी घटल्या आणि भट्टी थंड झाली. आधी एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या, मग दवाखाना बंद झाला. तरुण माणसे भोसरी-चाकणला कामाला जाऊ लागली. भंगारवाल्यांनी क्रेन कापून नेली. उरलेली कुटुंबे मात्र क्वार्टर सोडायला तयार नव्हती, कारण कंपनीकडून येणे असलेली कायदेशीर देणी मिटेपर्यंत तेवढाच त्यांच्या हातात ताबा होता.

दोन हजार सालानंतर एका बिल्डरने ही जमीन घेतली. निम्म्या जागेवर भाजीपाला आणि द्राक्षांसाठी पॅकिंग शेड आणि गोदामे, उरलेल्या जागेवर कामगारांच्या सोसायटीसाठी बैठी घरे, असा करार झाला. घरांचा ताबा दिला की जुने क्वार्टर पाडायचे, कारण गोदामांचा रस्ता तिथूनच जाणार होता. ताबा पंधरवड्यावर आला होता. म्हणजे प्रश्न एका अडकलेल्या दाराचा नव्हता. एकदा जुने घर पाडले आणि नवे राहण्याजोगे निघाले नाही, तर या माणसांना परतीची वाट उरणार नव्हती.

गेटजवळच्या एसटीडी बूथवरून मी आमच्या साहेबांना फोन केला. ते घाईत होते.

"खचलंय ना? ग्राउटिंगची शिफारस कर आणि ये परत."

"खचलंय की नाही ते अजून मोजलं नाही, सर."

"तडे दिसतायत ना?"

"दिसतायत."

"मग आणखी काय मोजायचंय?"

ग्राउटिंग म्हणजे फरशीला भोके पाडून खालच्या पोकळीत सिमेंटचे पातळ पाणी दाबाने भरणे. जमीन खचली असेल तर तो उत्तम उपाय आहे. पण दार आणि फरशी घासू लागतात ती दोन कारणांनी. एक तर चौकट खाली येते, नाही तर फरशी वर येते. तडे दोन्ही वेळा पडतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तो मोजूनच ठरवावा लागतो.

मोजायला डम्पी लेव्हल वापरतात. तिपाईवरची ही दुर्बीण कुठेही फिरवली तरी एकाच आडव्या पातळीत बघते. समोर पट्टी उभी धरायची. पट्टीवर दिसणाऱ्या आकड्यावरून ती जागा उंच आहे की सखल हे कळते. मात्र तुलनेसाठी कधीही न हलणारी एक जागा हवी. तिला बेंचमार्क म्हणतात. कापून नेलेल्या क्रेनच्या खांबाचा पाया खडकात होता. तो मी बेंचमार्क धरला आणि दिवसभर घराघरातून पट्टी फिरवली.

संध्याकाळी आकडे नकाशावर मांडले. खांब, तुळया, भिंती, सगळे नकाशात दाखवलेल्या उंचीवरच होते. काहीच खचले नव्हते. फरशी मात्र तव्यावरच्या भाकरीसारखी मधोमध फुगली होती, आणि सर्वांत जास्त न्हाणीघरात व स्वयंपाकाच्या ओट्याखाली, म्हणजे जिथे पाणी मुरते तिथे.

शफीकभाईंचा विश्वास बसेना. "जमीन वर कशी येईल, साहेब? झाड आहे का ते उगवायला?"

"फरशीखाली काय भरलंय?"

"स्लॅग. नकाशात मुरूम होता, पण चेअरमन म्हणाले की स्लॅग मुरमापेक्षा भारी. बिल्डरच्या इंजिनिअर साहेबांनाही विचारून घेतलं होतं. लपवून काही केलेलं नाही."

शाळेच्या पुस्तकात स्लॅगला धातुमळी म्हणतात. पोलाद वितळताना भट्टीत चुना टाकतात. तो पोलादातली घाण ओढून घेतो आणि सायीसारखा वर तरंगतो. ती साय बाहेर ओतली की थंड होऊन दगडासारखी कडक होते. कारखान्याच्या मागे तिचा टेकडीएवढा ढीग होता.

चेअरमन म्हणजे सोसायटीचे दत्तोबा. भट्टीवर फोरमन होते. ही पुनर्विकासाची योजना त्यांनीच घरोघरी जाऊन लोकांच्या गळी उतरवली होती. मी स्लॅगचे नाव काढताच त्यांनी मला थेट आपल्या क्वार्टरच्या अंगणात नेले.

"हे बगा. ह्ये अंगण स्लॅगचं हाय. गोठे, रस्ते, समदं स्लॅगचं. आमी इथं आलो तवापासनं एक चीर न्हाई. आन तुमी म्हंता स्लॅग फुगतो? पावणं, भट्टीवर उमर गेली माजी, आता तुमी शिकवणार व्हय मला?"

अंगण खरोखरच कातळासारखे होते. त्यांची पत्नी, सुलोचनाबाई, तिथेच धान्य निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "शिकवू द्या की. तुमाला कुनी शिकवलं न्हाई, म्हनून तर असं झालं." दत्तोबांनी ते ऐकले नाही असे दाखवले.

त्यांचा अनुभव खोटा म्हणता येत नव्हता, आणि माझे आकडेही. दोन्ही खरे असतील तर माल एक नसणार. म्हणून मी विचारले, "हा स्लॅग ढिगातून कसा आणायचात?"

ते सांगू लागले तसे त्यांचा आवाज मऊ झाला. भट्टीतून ओतलेला स्लॅग दिवसेंदिवस आतून गरम राही. बैलाच्या पायाला चटका बसे. म्हणून घरासाठी कुणी ताजा माल नेत नसे. बैलगाडी लावायची ती ढिगाच्या पायथ्याशी, जिथे आधीच्या वर्षांचा स्लॅग ऊन-पाऊस खात घरंगळून पडलेला असे. नियम कुणी घातला नव्हता. तशी रीतच होती.

"आणि या घरांसाठी?"

"जेसीबी आनला. त्यानं सरळ पोटातच हात घातला ढिगाच्या." बोलता बोलता त्यांनी ढिगाकडे वळून पाहिले.

इथे थोडी शाळा घ्यावी लागेल. चुनकळीवर पाणी ओतले की ती गरम होते, फुगते आणि तिचे पीठ होते, हे जुन्या घरांत चुना विरवताना अनेकांनी पाहिले असेल. स्लॅगमध्ये न विरलेल्या चुन्याचे कण अडकून राहतात. पाणी मिळाले की तेही फुगतात, पण फार सावकाश, महिने-वर्षे घेत. पायथ्याचा स्लॅग उघड्यावर भिजून केव्हाच फुगून शांत झाला होता. ढिगाच्या बाहेर मात्र कडक पापुद्रा जमला होता. पोटात पाणी पोचलेच नव्हते. तोच कोरडा माल फरशीखाली दाबून भरला गेला, आणि वर न्हाणीघरे आली. ग्राउटिंग केले असते तर आपणच त्याला दाबाने पाणी पाजले असते.

हे तोंडाने सांगून पटणार नव्हते. मी पत्र्याचे दोन सारखे डबे घेतले. एकात दत्तोबांच्या अंगणातला स्लॅग ठासून भरला, दुसऱ्यात फरशीखालचा. वर सपाट झाकणे ठेवली आणि दोन्ही डबे कढत पाण्याच्या घंगाळात सोडले. गरम पाण्यात ही क्रिया लवकर होते. घंगाळ सुलोचनाबाईंच्या चुलीवर होते आणि जाळ त्यांनीच राखला. चार-पाच दिवसांत अंगणाचा डबा होता तसाच राहिला. दुसऱ्याचे झाकण काठाच्या वर आले. दत्तोबांनी त्याच्या कडेवरून नख फिरवून पाहिले, पुन्हा फिरवले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला कँटीनच्या ओसरीवर भेटले. त्यांनी एकच विचारले, स्लॅग कुणी सुचवला हे रिपोर्टात येणार का. मी सांगितले की रिपोर्टात माल येतो, माणूस येत नाही. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरचा ताण गेला नाही.

साहेबांना मी फोनवर निष्कर्ष सांगितला. फरशा काढाव्या लागतील, खालचा स्लॅग उपसून मुरूम भरावा लागेल आणि तोवर ताबा देता येणार नाही.

"लोक ऐकतील?"

"माहीत नाही."

"बिल्डर निघून गेला तर?"

"तेही माहीत नाही. पण ताबा दिला आणि क्वार्टर पडले, तर काय होईल ते मात्र माहीत आहे."

"रिपोर्ट पाठव," ते म्हणाले. "सही तुझी."

सोसायटीची सभा कँटीनच्या हॉलमध्ये भरली. मी दोन्ही डबे टेबलावर ठेवून सगळे समजावून सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकले, पण त्यातून निघालेला अर्थ वेगळाच होता. नकाशात मुरूम होता आणि भरला स्लॅग. म्हणजे मुरूम ठेकेदाराने खाल्ला. मागून कुणीतरी म्हणाले, "भाई, आमच्या घरात घान भरली राव तुमी." दुसऱ्याने त्यांना काळ्या यादीत टाकण्याचा ठरावच मांडला. शफीकभाई भिंतीला टेकून उभे होते. ते दत्तोबांकडे पाहत होते. मी पुढे होऊन बोलणार होतो. माझ्या आधी दत्तोबा उठले.

"ठराव थांबवा," ते म्हणाले. "स्लॅग मी सांगितला. भाई मुरमाच्या गाड्या लावत व्हते, मी परत धाडल्या. मला वाटलं, आपलाच माल, आपल्या घराला लागंल." "चूक माजी हाय. पन म्हनून त्या घरात जाऊ नका. ह्याच क्वार्टरात आनखी कळ काडा."

कुणीतरी म्हणाले, "म्हंजे तुमच्या हौसेपायी आमी गळक्या पत्र्याखाली ऱ्हायचं?"

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "मीबी तिथंच ऱ्हातो."

वाद बराच चालला. शेवटी ताबा पुढे ढकलण्याचा ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. बिल्डर कुरकुरला, पण गेला नाही. त्यालाही रस्त्यासाठी क्वार्टरची जागा हवीच होती. शफीकभाईंनी फरशा उपसून खाली मुरूम भरला. निघालेला स्लॅग मोकळ्या जागेवर पसरला, दोन पावसाळे भिजू दिला आणि मग गोदामांच्या रस्त्याखाली घातला. या काळात काही कुटुंबे कंटाळून चाकणला गेली. त्यांच्या वाट्याची घरे दुसऱ्यांनी घेतली. बाकीच्यांना उशिरा का होईना, ताबा मिळाला. सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीत दत्तोबा पडले. नव्या चेअरमनने त्यांना बांधकाम समितीवर घेतले नाही.

त्यानंतरच्या नोकरीत मला अनेक ठिकाणी ऐकायला मिळाले की हा माल आम्ही वर्षानुवर्षे वापरतो, कधी तक्रार आली नाही. असे म्हणणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला फक्त दोन प्रश्न विचारावेत. माल नेमका कुठून काढला, आणि वापरण्यापूर्वी तो किती काळ उघड्यावर होता. माझा अनुभव असा, की या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेच्या आधी माणसांकडे असतात. ती बाहेर यायची असतील तर विचारणाऱ्याने पहिल्या दिवशी दोषी शोधायला निघू नये. मी ते ठरवून टाळले होते असे नाही, पण दोषी शोधायला निघालो नव्हतो म्हणून उत्तर मिळाले.