भिंतीपलीकडची गिरणी

आम्ही घर बांधलं तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होतं. मी डोंगरकड्याच्या पुढच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा पाटबंधारे खात्यात होता. त्याआधी गावात भाड्याच्या घरांतून दिवस काढले. एका घरमालकाला आमच्याकडे खेड्यावरून येणारे पाहुणे खपत नसत. माझे सासरे धोतर झाडत ओट्यावर बसले की तो आत येऊन विचारायचा, "किती दिवस हायेत बाबा?" दुसऱ्याने आडाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली त्याच्या बायकोच्या कमरेला असायची. त्यामुळे नोकरदारांची सोसायटी निघते आहे, गावाबाहेर प्लॉट पाडणार आहेत, असं कळल्यावर आम्ही फार विचार केलाच नाही.

ते ज्वारीचं रान होतं. पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतली की हाताने उपसून काढावी लागे. विजेचे खांब नव्हते, नळ नव्हता, रस्त्याचं तर नावच नको. सोसायटीचे अध्यक्ष शेती खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. काका एका सकाळी आम्हा सगळ्यांना घेऊन नगरपालिकेत गेले. पुरुष, बायका, कडेवरची लेकरं, रिकाम्या घागरी. साहेब म्हणाले, एकेकानं आत या. काका म्हणाले, "एकेक कशाला? तहान सगळ्यांना सोबतच लागते." आम्ही तिथेच व्हरांड्यात बसून राहिलो. दुपारी भाकरी खाल्ली ती पण तिथेच. अशा किती खेपा झाल्या ते आता आठवत नाही, पण पाइपलाइन आली. मी एकटी गेले असते तर शिपायानेच परत पाठवलं असतं.

नियमही त्याच सुमारास झाले. घर फक्त राहण्यासाठी. दुकान नको, कारखाना नको, जनावरं नकोत. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, आणि मनापासून केला. भाड्याच्या शेवटच्या घराशेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. त्या आवाजात मी वर्षभर पेपर तपासले होते.

आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत होती. खर्च वाचावा म्हणून दोघांनी मिळून बांधली होती. शेजारचे भाऊजी कचेरीत कारकून होते. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची, त्या मला ताई म्हणायच्या. त्यांना एकच मुलगी, तेव्हा चौथीत असेल. वहिनी कुरुंद्याकडच्या. अंगाने बारीक पण आवाज खणखणीत. भिंतीपलीकडून त्यांनी "ताई, कढीपत्ता हाय का?" असं विचारलं की मी स्वयंपाकघरातूनच "हाय, या" म्हणायची.

भाऊजी एका उन्हाळ्यात गेले. कचेरीतून दुपारी घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि जीप येईपर्यंत सगळं संपलं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीने जे केलं ते रक्ताच्या माणसांनी करावं असं होतं. कोणी निरोप द्यायला मोटारसायकलवर खेड्यांत गेलं, कोणी मांडव घातला. काका स्वतः पाहुण्यांना पाणी देत फिरत होते. तेराव्यापर्यंत त्यांच्या घरात चूल पेटू दिली नाही. रोज एका घरून पिठलं-भाकरी, दुसऱ्या घरून वरण. लोकांबद्दल मनात वाईट आलं की मी आजही ते दिवस आठवते.

वहिनींना कचेरीत अनुकंपावर नोकरी मिळेल असं सगळे म्हणत होते. वहिनी चकरा मारत राहिल्या. साहेब बदलले, मग जिल्हाच बदलला. हिंगोली जिल्हा झाला आणि त्यांची फाइल परभणीत आहे की हिंगोलीत हेच कोणी सांगेना. शेवटी एक दिवस त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, मी गिरणी टाकून राहिले. समोरच्या खोलीत. लेकीला शिकवायचं हाय, आन् मला दुसरं काय येतं?"

मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. आधीच्या सचिवांची बदली झाली होती आणि सभेत काका म्हणाले होते, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय." बाकीचे लगेच टाळ्या वाजवून मोकळे झाले. त्यानंतर माझे रविवार गेले. कोणाच्या शेवग्याचा पाला कोणाच्या अंगणात पडतो, कोणाच्या न्हाणीचं पाणी रस्त्यावर येतं, पाण्याचा व्हॉल्व्ह कोणी जास्त फिरवला. मी शाळेतून जीपमध्ये चेंगरून घरी यावं, पाय धुवावेत, आणि दारात कोणीतरी उभं असावं. "बाई, एक मिनिट." ते मिनिट कधी संपायचं नाही.

वहिनींना मी नियमाचं बोलले. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. म्हणूनच आधी तुमाला सांगून राहिले." मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "करू द्या तिला. नियम माणसांसाठी हाय."

गिरणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. तोवर दळणाचा डबा सायकलला बांधून गावातल्या चौकात न्यावा लागे. आता बायका गाऊनवर ओढणी घेऊन दळण टाकून यायच्या. वहिनींचं पीठ बारीक आणि चोख असायचं. ज्वारीवर गहू त्या कधी टाकायच्या नाहीत, आधी मूठभर दाणे घालून जातं साफ करून घ्यायच्या. गिऱ्हाईक वाढलं, पलीकडच्या वस्तीतून लोक यायला लागले. मग त्यांनी कांडप मशीन आणलं. आमच्या भागात हळदीला तोटा नाही. मोसमात पोती यायची, आणि मिरचीही.

इथून तकलीफ सुरू झाली. कांडपाचा ठोका आमच्या भिंतीतून यायचा. फडताळातले पेले वाजायचे. मिरची असली की समोरच्या घरातले लोक शिंकत बाहेर यायचे. हळद असली की दोरीवरचे पांढरे कपडे पिवळे. माझ्या नवऱ्याचा चष्मा संध्याकाळी पुसला की फडक्यावर हळद यायची. आणि वरून भारनियमन. लाइट दिवसभर नसायची. आली की पहाटे यायची, नाहीतर रात्री उशिरा, आणि लाइट आली की वहिनींना मोटार चालू करावीच लागे, कारण दळणाचे डबे आदल्या दिवसापासून ओळीने ठेवलेले असत. आमचा मात्र त्याच वेळी डोळा लागलेला असे.

मी भिंतीच्या सगळ्यात जवळ होते. माझं डोकं दुखायचं. तरी मी काही बोलले नाही, कारण मी बोलले असते तर ती सचिवाची तक्रार झाली असती. वहिनी मात्र विचारायच्या, "ताई, लई आवाज येतो का वो?" मी म्हणायची, "सवय झाली." नवरा ते ऐकून आत जायचा आणि पंखा जोरात करायचा, लाइट असली तर.

तक्रारी येऊ लागल्या. त्या वहिनींकडे कोणी घेऊन जात नव्हतं, सगळे माझ्याकडे यायचे. समोरच्या घरातले गृहस्थ बँकेत होते. ते सकाळी येऊन म्हणायचे, "बाई, हे असं कसं चालंल? आमी शांततेसाठी प्लॉट घेतला." आणि दुपारी त्यांच्या मिसेस गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर उभ्या असायच्या. मी त्यांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "ते येगळं. दळण तर कुठंतरी टाकावंच लागतं ना."

शेवटी सभा घ्यावी लागली. काकांच्या गच्चीवर, सतरंज्या टाकून. वहिनी मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी तेव्हा दहावीत होती. बँकेतल्या गृहस्थांनी नियम वाचून दाखवला. मागून कोणीतरी म्हणालं, उद्या कोणी पंक्चरचं दुकान टाकंल, परवा कोणी म्हैस बांधंल. काका मान खाली घालून ऐकत होते.

वहिनी उठल्या. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "दळण घ्यायला येता तवा तुमाला आवाज येत न्हाई का? माझ्या ओट्यावर बसून गप्पा मारता तवा मिरची नाकात जात न्हाई का?"

मग बँकेतले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आमी तुमच्या इरोधात न्हाई. आमी आवाजाच्या इरोधात हावोत."

"मंग आवाजाला सांगा ना," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या सभेत तडजोड झाली. कांडप बंद, फक्त धान्य दळायचं, आणि ठरलेल्या वेळेतच. सगळे चहा पिऊन घरी गेले. पण लाइट कोणाची तडजोड पाळत नव्हती. ठरलेल्या वेळेत ती येईचना. वहिनींचे डबे तसेच पडून राहू लागले, गिऱ्हाईक परत जाऊ लागलं, आणि हळदीचं तर गेलंच. एकदा पहाटे लाइट आली आणि त्यांनी मोटार चालू केली. पंधरा-वीस मिनिटांतच आमच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर समोर बँकेतले गृहस्थ, बनियनवर. "ऐका बाई, तुमीच ऐका." मी ऐकतच होते. त्या भिंतीला लागून राहून मी दुसरं करणार तरी काय होते?

मग बँकेतल्या गृहस्थांनी वीज कंपनीकडे तक्रार करायचं बोलून दाखवलं. घरगुती जागेत गिरणी आहे म्हणून कनेक्शन तोडलं असतं तर वहिनींच्या घरात दिवाही राहिला नसता. काकांनी मला बोलावलं. त्यांचं वय झालं होतं. ते म्हणाले, "बाई, मी तिला करू द्या म्हणलो व्हतो. आता मीच बंद कर म्हणू कसं? तुमी सांगा."

म्हणजे हेही काम माझ्याकडेच आलं. मी शाळेतून आले, चहा न घेताच शेजारी गेले. वहिनी पिठाचं फडकं झटकत होत्या. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. त्याच म्हणाल्या, "कळलं ताई. बसा. काहून उभ्या?" मग पाण्याचा तांब्या समोर ठेवून म्हणाल्या, "मला राग न्हाई. तुमी किती झोपल्या न्हाईत ते मला भिंतीतून कळत व्हतं. तुमी खोकल्या तरी मला ऐकू येतं."

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिला शांतता हवी होती, असं वहिनी नंतर सहज बोलून गेल्या. "तिलाबी कांडपाचा तरास व्हायचा. पर ती बोलंल कशी?"

मुलीची परीक्षा झाल्यावर त्या गेल्या. वारंगा फाट्यावर त्यांचा भाऊ टायरचं दुकान चालवायचा, त्याच्या शेजारी पत्र्याची खोली मिळाली. जाताना मशीन ट्रकवर चढवायला सोसायटीतले सगळे पुरुष आले होते. बँकेतले गृहस्थही. त्यांनीच दोरखंड आवळून बांधला, मशीन हलणार नाही ना ते दोनदा बघितलं आणि त्यांच्या मिसेसने वाटेसाठी दशम्या दिल्या. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तसंच घडलं. ती माणसं वाईट नव्हती.

वहिनींच्या घरात भाडेकरू आले. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, दिवसभर कुलूप. पहिले काही दिवस मला शांततेतही जाग यायची. मग गाढ झोप लागू लागली, आणि झोप लागते याचंच वाईट वाटायचं. सोसायटीतल्या बायका पुन्हा डबे घेऊन चौकात जाऊ लागल्या. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "बाई, जवळ गिरणी असती तर बरं झालं असतं." मग वॉचमनचा विषय निघाला, मग मोकळ्या जागेत देऊळ बांधायचं की लेकरांना खेळायला ठेवायची हा विषय निघाला. तो दोन वर्षं चालला. दरवर्षी सभेत मी म्हणायची, आता दुसऱ्याला सचिव करा. सगळे एकमेकांकडे बघायचे आणि चहा यायचा.

त्यानंतर एकदा नांदेडहून येताना मी बसले होते ती एसटी वारंगा फाट्यावर बंद पडली. उतरले आणि ठोका ऐकूनच गिरणी सापडली. वहिनी डोक्याला फडकं बांधून मिरची कांडत होत्या. मला बघून मोटार बंद केली, हात पुसले आणि माझा हात घट्ट धरला. तिखटाने माझे डोळे चुरचुरले. मुलगी नांदेडला नर्सिंगला होती. ढाब्यांचं तिखट, हळद सगळं वहिनींकडूनच जात होतं.

"इथं कोणी काही म्हणत न्हाई?" मी विचारलं.

त्या हसल्या. बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्याच्या मागे दुसरा. तो आवाज जाईपर्यंत त्यांना थांबावं लागलं. "इथं दिवसरात्र हेच चालू ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "माझी गिरणी कोणाला ऐकू येती?"

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर ताई, इथं मी ताप येऊन पडले तर भावाबिगर कोणी विचारायला येत न्हाई. कोण कोणाचं हे बी म्हाईत न्हाई. गाड्या थांबत्यात आन् जात्यात."

मी म्हणाले, परत या कधी राहायला, घर तुमचंच आहे. त्यांनी मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे मला कळलं नाही. त्यांनी मला तिखटाची पिशवी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. तेवढ्यात कळमनुरीची जीप लागली आणि ड्रायव्हर ओरडायला लागला, "चला, एक शीट, एक शीट!" मी पिशवी मांडीवर घेऊन दाराशी अंग चोरून बसले. शेजारच्या बाईला तिखटाने शिंक आली. तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मी पिशवी पदराखाली घेतली आणि कळमनुरी येईपर्यंत डोळे मिटून घेतले.